डॉक्टरांच्या गाडीचं गिअरतेल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या डॉक्टरांचे. माझे वडील बाजारात गोणी वाहायचे. मी मॅट्रिक झालो त्या संध्याकाळी डॉक्टर त्यांना म्हणाले, "याच्या पाठीवर गोणी नको." एवढंच बोलले, आणि बी.एस्सी. होईपर्यंतचा माझा सगळा भार त्यांनी उचलला. सुट्टीत मी त्यांच्या ओसरीवर अभ्यास करायचो आणि त्यांच्याच पंगतीला जेवायचो. परतफेडीचा विषय त्यांनी कधी काढू दिला नाही.

पदवी घेऊन मी मुंबईला आलो आणि लालबागला एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात कचेरीत लागलो. गाडीला काय होतंय ते गाडीच्या मालकाकडून ऐकून लिहून घ्यायचं आणि मिस्त्रींना सांगायचं, हे माझं काम. राहायला गिरगावात, चाळीतल्या एका खोलीत. खोलीतले बाकीचे सगळे एकाच गावचे, त्यामुळे गप्पाही त्यांच्याच गावच्या. मी कोपऱ्यात वळकटी टाकून ऐकत असे. कारखान्यात मला सगळे 'अहो' म्हणत. पदवीचा तो मान होता, पण दिवसच्या दिवस जात आणि मला 'तू' म्हणणारं कोणी भेटत नसे.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. शिवाजी पार्कवर सभा असली की मी जायचो. हजारो माणसांबरोबर 'झालाच पाहिजे' ओरडताना घसा बसायचा आणि फार बरं वाटायचं. शेजारचा अनोळखी माणूस खांद्यावर हात टाकायचा. सभा संपली की तो हात निघून जायचा. माणसं घोळक्या-घोळक्यांनी बोलत घराकडे वळत, आणि मी दादरहून गिरगावपर्यंत कोणाशी न बोलता येई.

अशात डॉक्टरांचं कार्ड आलं. गाडीचा गिअर पडताना करकर आवाज येतो, सकाळी तर तो पडतच नाही. गावचा फिटर म्हणतो, पेटी उघडून आतली दातेरी चाकं बदलावी लागतील. एवढं आता या गाडीवर करणं नको, विकून टाकावी, असं डॉक्टरांच्या मनात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'तू त्या धंद्यात आहेस म्हणून विचारतो.'

गाडी विकली तर नदीपलीकडच्या वाड्यांना डॉक्टर कसे पोचणार, हे मला माहीत होतं. बाळंतपणं त्यांच्याच हातून होत. पण खरं सांगायचं तर मी ती शेवटची ओळच पुन्हापुन्हा वाचली. त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं.

मी उलट टपाली कळवलं: गिअरपेटीतलं थोडं तेल काढून पाठवा. आठवड्याभरात गावचा एक माणूस मी जेवायचो त्या खानावळीत बाटली ठेवून गेला. दवाखान्यातलीच औषधाची बाटली, डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवलेली. वर डॉक्टरांच्या अक्षरात: 'रोगी – मोटार. तक्रार – दात.' सोबतच्या चिठ्ठीत होतं की गिऱ्हाईक गाडी पाहून गेलंय, रविवारी उत्तर हवंय त्याला.

खानावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "काढा दिसतोय. उघड्यावर ठेवू नका, कोणीतरी पिऊन टाकेल."

दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. ट्राम नाही, बस नाही, दुकानं बंद. कारखानाही बंद असणार, पण आमचे मिस्त्री लालबागच्या चाळीतच राहायचे. मी बाटली कोटाच्या खिशात घातली आणि चालत निघालो. चिंचपोकळीच्या पुलाजवळ हवालदारानं अडवलं.

"खिशात काय फुगलंय? काढा." बाटली पाहताच तो एक पाऊल मागे झाला. "ॲसिड?"

"तेल आहे. गाडीच्या गिअरचं."

"गाडी कुठाय?"

"गावाला."

"गाडी गावाला, आणि तेल मुंबईत फिरायला आलंय?"

त्यानं ते ओतून टाकायला सांगितलं असतं तर सगळं संपलं असतं. रविवारच्या आत दुसरी बाटली येणं शक्य नव्हतं. मी त्याला पट्टीवरचं अक्षर दाखवलं. त्यानं बूच काढून वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाला, "जाऊ द्या रोग्याला. आणि तुम्ही सरळ घरी जा, मोर्चा येतोय मागून."

मिस्त्री बनियनवर गॅलरीत बसले होते. कारखान्यात 'अहो साहेब' म्हणणारे मिस्त्री घरी मला त्यांच्या मालवणीत म्हणाले, "इलंस? बस. चाय घे आधी." मग बाटली उजेडात धरली, थेंब बोटावर घेतला. "ह्यां गिअराचां तेल न्हय. ह्यां इंजिनातलां, जळलेलां. पाण्यासारख्यां पातळ. तुझो डाक्टर कंजूस आसा काय रे?"

"नाही हो," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला दसरा आठवला. दर दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची आणि इंजिनात नवं तेल भरायचं, हा डॉक्टरांकडचा रिवाज. काढलेलं तेल डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, फेकू देत नसत. पुऱ्या तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी भाजीला लागतं, तसं तेही एका डब्यात राही, आणि वर्षभर गिअरपेटीत थोडंथोडं जाई.

मी हे सांगितलं तेव्हा मिस्त्री इतके हसले की त्यांची बायको आतून बघायला आली. हसणं थांबल्यावर त्यांनी थेंब बोटांत पुन्हा चोळला आणि माझ्याही बोटावर ठेवला. "चोळ. टोचता?"

टोचत नव्हतं. नुसती चकाकणारी भुकटी होती.

"मग दात धड आसत. तुकडे लागले असते तर पेटी खोलूची लागली असती."

त्या दिवशी मी खोलीवर परतलो तेव्हा सगळे पत्ते खेळत होते. मी कोपऱ्यात बसून, मिस्त्रींनी सांगितलेलं सगळं घालून, पत्र लिहिलं. हरताळ संपताच ते टपालात पडलं. पुष्कळ वर्षांनी गावी गेलो, तेव्हा ते गाडीच्या पुढच्या कप्प्यात होतं, कडांवर तेलकट बोटं उमटलेली. मी लिहिलं होतं:

तीर्थस्वरूप डॉक्टरसाहेबांस शिरसाष्टांग नमस्कार.

गिऱ्हाइकाला तूर्त नाही म्हणावं. चाकं शाबूत आहेत, दोष तेलाचा आहे. गाडी थोडी फिरवून आणून, तेल गरम असताना खालचं बूच काढावं, म्हणजे भुकटीही निघून जाईल. मग गिअरचं वेगळं जाड तेल मिळतं, ते बाजूच्या बुचापर्यंत भरावं. जुन्या डब्यातलं घालू नये. काकूंना सांगावं की तळणीचं तेल भाजीला चालतं, गाडीला नाही.

पुढे दसऱ्याची वाट पाहू नये. गाडीच्या पुस्तकात दर सहा हजार मैलांनी लिहिलं आहे, पण आपली गाडी नदीतून जाते, म्हणून त्याआधीच बदलावं. पाणी शिरून तेल ताकासारखं झालं तर मैल न पाहता लगेच. गिअर जड पडू लागला, वास आला, खाली डाग दिसला, तरी बूच उघडून बघावं. एवढं करूनही करकर राहिली, तर मात्र पेटी उघडावी लागेल. तसं झालं तर रजा काढून मी येईन.

मी इथे ठीक आहे. सभांना जातो. आपण मला पहिल्यांदाच काही विचारलंत. गाडीचं आणखी काही असेल तर विचारावं. काही नसलं तरी विचारावं.