वजन वाढलेली मुलगी

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. आज खर्ड्याजवळच्या एका अंगणवाडीत गेले होते. नवीन सेविका कौतुकाने म्हणाली, "मॅडम, ही ऊसतोडीवरून आलेली पोरगी. महिन्यात वजन वाढलं, ॲपमध्ये लाल रंगातून हिरव्यात, म्हणजे धोक्याबाहेर आली."

पोरीची आई म्हणाली, "पन ती खात न्हाई वो. नुसती पडून ऱ्हाती."

मी पोरीच्या पावलावर अंगठा दाबला. उचलला, तर खड्डा तसाच राहिला. वाढलेलं वजन कुपोषणाने आलेल्या सुजेचं होतं.

तिला लगेच दवाखान्यात हलवलं. अजून ती डोळे उघडत नाही.

सेविका रडत म्हणाली, "हे आमाला कुणी शिकवलंच न्हाई."

तिचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मीच घेतलं होतं. दोन्ही दिवस नुसतं ॲप भरायला शिकवलं.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सेविकांनो, खरं सांगा. तुम्हाला तरी कुणी शिकवलंय का हे?