सव्वा मूठ गहू

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. ते दळून रोट करायचे, देवीला दाखवायचे आणि फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आई हे सगळं काटेकोर पाळायची. फक्त नावं घेताना ती कुठे थांबायची नाही.

वडिलांचं झालं, माझं झालं, की ती नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांची नावं घ्यायला लागे. या बायकांसाठी ती वर्षभर एरंडोलहून जळगावला खेटे घालायची; पोलीस ठाणं, कोर्ट, कलेक्टर कचेरी. सासरी दार बंद, माहेरी तर आधीच. मग कानबाईला यांचं नाव घ्यायचं कुणाच्या घरात, हा तिचा साधा प्रश्न होता. थोरले काका, आमचे आबा, एकदा भडकले.

"कुळमा लिधं का तेस्ले?"

"लिधं," आई म्हणाली आणि पुढची मूठ भरली.

नियम मोडला नव्हता, कूळ तेवढं वाढवलं होतं. परिणाम माझ्या पोटाने भोगले. बायका सणाच्या रविवारी येऊन जेवून जात आणि उरलेले रोट गंगाफळाच्या भाजीबरोबर मी दिवसेंदिवस चावत बसे. माझं समाजकार्य ते एवढंच.

आई गेली त्या वर्षी सण झाला नाही. यंदाचा पहिला, आमच्या धुळ्याच्या घरी. तोवर मी पुरता थकलो होतो. तिच्यामागे येणारे फोन, अर्ज, तारखा. अर्धे मी टाळले, उरलेल्यांत घोळ घातले. म्हणून ठरवलं, यंदा घरापुरतंच. वडील तर आईच्याही आधी गेलेले; माझी आणि मुलाची मूठ घेतली, दळून आणली. आबांनी फोनवर शाबासकी दिली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुपारी धरणगावहून एकीचा फोन आला. आईने पंधरा वर्षं जिची केस लढवली, ती. रविवारी कोणती बस धरू, हे विचारता विचारता म्हणाली, "भाऊ, मना नावनी मूठ शे ना?"

"शे," मी म्हणालो. खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, निस्तरायला लागतो.

सव्वा मूठ गहू पिशवीत घालून पुन्हा चक्कीवर गेलो. चक्कीवाल्याने कानबाईसाठी चक्की धुवून ठेवली होती. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, एवढं तर दगडालाच लागेल. हाती काय येणार? थोडे जास्त आणा."

घरी येऊन गव्हाच्या कोठीपाशी बसलो. जास्त आणायचे म्हणजे नावं हवीत, नुसते गहू कसे घेणार? आईने यादी कुठे लिहिली नव्हती. मला चौघी आठवल्या, पाचवीचं गाव आठवलं, नाव नाही. गुडघे दुखत होते. बायको गंगाफळ चिरता चिरता थांबली आणि दुसरं घ्यायला उठली.

शेवटी धरणगावला फोन लावला आणि विचारलं, ताई, आणखी कोण कोण होतं?

ती सांगायला लागली. मी फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला. मला दोन्ही हात लागणार होते.