स्वयंपाकघरावरचा कडुलिंब

आमच्या गल्लीत पाणी साठत नाही. हैदराबादेत, विद्यानगरच्या पुढे एका खडकाळ टेकडीच्या उतारावर आमची घरं. कितीही पाऊस पडो, घटकाभरात सगळं पाणी खाली. किस्से मात्र साठतात, आणि तेही माझ्याच अंगणात! कारण माझं घर पायथ्याशी. सकाळचं फिरणं आटोपलं की आमच्या ह्यांची मित्रमंडळी चढ चढायच्या आधी 'जरा दम घ्यायला' माझ्याकडे टेकते. चहाशिवाय दम घेता येत नाही, हे ओघानं आलंच.

त्यातले निम्मे किस्से एकट्या कडुलिंबाचे. तो रावसाहेबांच्या आवारात, आमच्या वरच्या अंगाला. दोन वर्षांपासून वाळलेला आणि वाकलेला थेट माझ्या स्वयंपाकघरावर. वारा सुटला की मी गॅस बंद करून हॉलमध्ये येऊन बसायची. भीती वाटायची हो, त्यात काय लपवायचं?

रावसाहेबांना नाही वाटायची. "कुछ नै होता वहिनी! माझं झाड आहे, मी ओळखतो त्याला." हे सांगताना ते कप घेऊन नेहमी लांब फाटकापाशी उभे. आत येऊन बसा म्हटलं की, "नक्को, गुडघे दुखतात." गुडघे दुखतात म्हणून उभा राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

झाड मेलंय हेच मुळात रावसाहेबांना मान्य नव्हतं. "झोपलंय," म्हणायचे.

आमच्यात एक प्रोफेसर आहेत, जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेले. एकदा त्यांनी चावीनं साल खरवडून दाखवली. आत हिरवेपणाचा पत्ता नाही, नुसता भुसा. "रावसाहेब, दोन पावसाळे गेले, एक पान फुटलं नाही. मेलंय हे!"

रावसाहेबांनी त्यांच्या टकलाकडे शांतपणे पाहिलं. "प्रोफेसर, तुमच्या डोक्यावर किती वर्षांत काही उगवलं नाही. आम्ही काही म्हटलं का?"

*

मग आमचे हे पुढे सरसावले. बांधकाम खात्यात नोकरी झालेली. दोरीला कुलूप बांधून ओळंबा केला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले. मंडळींचा दुसरा चहा झाला.

"झाडाचा दोष नाही," शेवटी निकाल आला. "उतारच वाकडा आहे."

"बरं, पण पडलं तर कुठे पडेल?" मी विचारलं.

"ते आपल्या घरावरच," हे म्हणाले, आणि ओळंबा गुंडाळून पेपर वाचायला बसले.

*

मंडळींतले वकीलसाहेब कृतीवर विश्वास ठेवणारे. त्यांनी बेगम बाजारातून चांगला जाडजूड दोर आणला. एका रविवारी सगळ्यांनी मिळून तो झाडाला बांधला. आता दुसरं टोक कशाला बांधायचं? जवळ भक्कम असं काय आहे?

मी बाहेर येऊन पाहते तर दोर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांना! म्हणजे झाड पडताना चुकून दुसरीकडे जायला नको.

"अब काय टेन्शन नाही वहिनी," वकीलसाहेब हात झटकत म्हणाले. "आता झाड तुमच्या घराला धरून राहील."

*

पुढच्याच आठवड्यात वावटळ आली. एक मनगटाएवढी फांदी मोरीवरच्या पत्र्यातून आरपार आली. मी तिथून भांडी घासून नुकतीच उठले होते.

सकाळी मंडळी अंगणात टेकली तेव्हा मी एवढंच बोलले, "झाड पडेपर्यंत चहा बंद."

दोन वर्षं जे जमलं नाही ते दोन दिवसांत जमलं! वकीलसाहेबांनी परवानगीचा अर्ज स्वतः नेऊन दिला. प्रोफेसरांनी यादगिरी नावाचा झाडतोड्या शोधला. रावसाहेबांनी मात्र शेवटचा पत्ता टाकला. "झाडावर कोण कोण राहत असतं. त्यांना न सांगता तोडलं तर माझ्या घरात येतील."

रीत खरी आहे. तोडण्याआधी झाडावरच्या भुताखेतांना, पाखरांना दुसरीकडे जायची विनंती करतात. वकीलसाहेब म्हणाले, मी करतो. झाडासमोर उभे राहिले, घसा साफ केला, आणि खणखणीत आवाजात, "देखो भई, जो भी हैं, तीन दिन में जगा खाली करना. बाद में हमारी जिम्मेदारी नै!"

"अहो, संस्कृतात म्हणायचं असतं," प्रोफेसर कळवळले.

"भूत हैदराबादचं आहे. त्याला संस्कृत कुठून येणार?"

*

यादगिरी आला. आल्या आल्या खिडकीच्या गजांना बांधलेला दोर धरून म्हणाला, "ये कौन बांधा?"

सगळे आभाळाकडे बघायला लागले. "पहले से था," वकीलसाहेब म्हणाले.

त्यानं तो आधी सोडवला. मेलेल्या झाडाची फांदी कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून वर कोणाला चढू दिलं नाही. सुतळीला दगड बांधून फेकला, तिच्यामागून दोर वरच्या बेचक्यात ओढून घेतला. दुसरं टोक बाजूच्या मोठ्या खडकाला कप्पी लावून ताणलं. झाड खाली नाही, उताराला आडवं पाडायचं. स्वतःला पळायची वाट वरच्या बाजूला मोकळी करून घेतली. "नीचे बिल्ली भी नै होना," असं बजावून आम्हाला वर पिटाळलं.

मी वरून माझ्या छपराकडे बघत होते. हातातला पदर पिळून पिळून घामानं ओला झाला.

करवत थांबली, झाड करकरलं, फिरलं, आणि रिकाम्या जागेत आडवं झालं. माझ्या घराचं एक कौलही हललं नाही. मला रडू आलं. रावसाहेब म्हणाले, "बोल्या था ना, कुछ नै होता!"

*

दुसऱ्या दिवशी चहा सुरू झाला. सगळे अंगणात टेकले. रावसाहेब फाटकापाशी थांबले नाहीत. तरातरा आत आले, थेट स्वयंपाकघरात, ओट्याजवळचं स्टूल ओढून ऐसपैस बसले. वर पाहिलं, खिडकीतून आभाळ पाहिलं, चहाचा घोट घेतला.

"काय हवेशीर स्वयंपाकघर आहे हो वहिनी! दोन वर्षांत एकदा तरी आत बोलवायचं होतं!"