पार्वता अलर्ट होती

"सिस्टर, पेशंट अलर्ट आहे का?" डॉक्टरांनी दारातूनच विचारलं.

मी पार्वताचा खांदा हलवला. मोठ्यानं हाक मारली. पापणीसुद्धा हलली नाही.

"नाही, सर."

अलर्ट म्हणजे एरवी सावध, चौकस. पहारेकरी अलर्ट असतो. वॉर्डात त्याचा अर्थ साधा: पेशंट जागा आहे, भानावर आहे, आपण बोलतो तिकडे त्याचं लक्ष आहे.

पन्नासच्या दशकातलं धानोरा. पार्वताला जमिनीवर झोपली असताना मण्यार चावली होती. तिचा नवरा सोमा तळ्यावर मासे धरायचा. सकाळीच तो तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन आला. आम्ही विषावरचं इंजेक्शन दिलं, पण ती निपचित पडली होती. श्वास अगदी वरवर.

सासू उशाशी बसली होती. "गेली रे बाबू," ती सोमाला म्हणाली. "गाडी जुप. लेकरू लहान हाय. तुले दुसरी करा लागन."

"माय, चूप राह्य ना!"

डॉक्टर आत आले. त्यांनी बोटांनी पार्वताच्या पापण्या वर उचलल्या. "मण्यारीच्या विषानं पापण्या पडतात, हातपाय लुळे होतात. बेशुद्धच असेल असं नाही." ते तिच्या कानाशी वाकले. "पार्वताबाई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा."

अंगठा हलला. जरासाच, पण हलला.

 सासू उशापासून मागे सरकली.

"म्हंजे हे सगळं आयकून राह्यली होती?"

"सगळं," डॉक्टर म्हणाले. "शी इज अलर्ट."

तेवढ्यात पार्वताचा श्वास अडखळला. यंत्रं तेव्हा कुठली? हातांनी छाती दाबून, सोडून श्वास चालू ठेवायचा. डॉक्टर थकले की मी, मी थकले की सोमा. सासू तिच्या कानाशी एकच म्हणत होती, "पोरी, जाऊ नोको."

संध्याकाळपर्यंत श्वास सुधारला. पुढे पापण्या उघडल्या, मग जीभ वळू लागली. पहिलं वाक्य ती सासूकडे बघून बोलली.

"दुसरी पाह्यली का?"

सासूनं पदरात तोंड लपवलं. सोमा हसता हसता रडायला लागला.

आमच्या पुस्तकात अलर्टचा अर्थ 'हाकेला ओ देणारा' असा होता. मी माझ्या हाताखालच्या नर्सेसना एवढंच जास्तीचं शिकवलं: ओ न देणाराही ऐकत असतो. खाटेजवळ जीभ आवरा.