टपरीवरची दहा मिनिटं

सिगारेट सोडली आणि माझा खोकला वाढला. घाबरून डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "काका, छाती आतून साफ होतेय, होऊ द्या. कोमट पाणी पीत राहा आणि रोज चाला. दम लागला की थांबा, पण चालणं सोडू नका."

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत सकाळी चालायला लागलो. सुरुवातीला पाण्याच्या टाकीपर्यंत जातानाच धाप लागायची. तीन महिन्यांनी टाकी ओलांडून रेल्वे फाटकापर्यंत जाऊ लागलो. एका संध्याकाळी शेजारी कापसाच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होते. तो वास मला घरात बसून आला.

"यांच्याकडे आज भरीत आहे," मी म्हणालो.

बायको पोळी लाटता लाटता थांबली. "दर हिवाळ्यात असतं," ती म्हणाली. "तुम्हालाच कळत नव्हतं."

तब्येत सुधारत होती, पण मित्राची आठवण जात नव्हती. आम्ही दोघं बावीस वर्षं एकाच कार्यालयात कारकून होतो. चार वाजले की मागच्या गल्लीतल्या टपरीवर जायचं, एका काडीवर दोघांच्या सिगारेटी पेटवायच्या आणि दहा मिनिटं बोलायचं. मुलीच्या लग्नाचं मी आधी त्याच्याशी बोललो, मग घरी. निवृत्त होऊन तो त्याच्या गावी, धुळ्याला गेला. तरी रोज फोन असायचा. तिकडे काडी ओढल्याचा आवाज आला की मी इकडे पेटवायचो.

म्हणूनच सिगारेट सोडल्यावर मी त्याला फोन करणं बंद केलं. तो आवाज ऐकला तर टिकणार नाही, एवढं मला ठाऊक होतं. त्याचा फोन आला तरी उचलायचो नाही. कारण सांगायची लाज वाटे. चार वाजता मात्र उगाच खिसा चाचपायचो.

आठ महिन्यांनी त्याने माझ्या बायकोच्या फोनवर मला गाठलं; मी सिगारेट सोडल्याचं तिनेच त्याला सांगितलं. रागावला की तो अहिराणीत बोलायचा.

"काय भाऊ, तू सिगरेट सोडी, ते माले बी सोडी दिन्हं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने धुळ्याला गेलो.

तो स्टँडवर उभा होता, बराच वाळलेला. दिवसभर त्याने माझ्यासमोर सिगारेट काढली नाही. जेवण झाल्यावर "आलोच" म्हणून गच्चीवर गेला. परत येऊन शेजारी बसला तेव्हा त्याच्या शर्टाला तो वास होता. मला इतकी तलफ आली की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. त्याने ते पाहिलं आणि उठून शर्ट बदलून आला.

संध्याकाळी पांझरेच्या काठाने चाललो. थोड्याच वेळात त्याला धाप लागली. मी थांबलो.

"तू हो पुढे," तो म्हणाला.

"घाई नाही," मी म्हणालो.

त्याची सिगारेट अजून सुटलेली नाही. मीही मागे लागत नाही. आता मी चारलाही चालायला जातो, तेव्हाच त्याचा फोन येतो. तोही चालतोय असं म्हणतो, आणि मधूनमधून धापही ऐकू येते. फोन ठेवल्यावर त्या टपरीसमोर त्याच्याशेजारी एकदा नुसतं उभं राहावंसं वाटतं.