उरलेले सहा चिंचोके

खणात आज एक चिंचोका सापडला आणि संस्थान विलीन झाल्यानंतर मी शिकवायचो ती जव्हारची शाळा आठवली. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच भरेल, अशी विषम संख्या मी महिनोन्‌महिने शोधत होतो. त्या दिवशी ३१५ चिंचोक्यांच्या ढिगातून एकेका विभाजकाएवढी रास काढत होतो. शेवटी ढीग संपला की जिंकलो. तेवढ्यात तासाची घंटा झाली. शेवटची, १०५ची रास शाळा झाडणाऱ्या म्हातारीवर सोपवली. परतलो तर ढीग संपलेला! धावत जाऊन पुण्याच्या एका गणिताच्या प्राध्यापकांना 'सापडली' असं पत्र टाकलं. संध्याकाळी म्हातारी म्हणाली, "सहा उरलं हुतं गुरुजी, त्या राशीवरच टाकलं. भात मोजताना मापाच्या काठावर चढती शीग नको का?" टपालाची मोटार केव्हाच गेली होती. मी तिच्यावर ओरडलो. पण शीग न ठेवता पुरी भरणारी विषम संख्या मला अजून सापडलेली नाही.