बूच लावलेलं इंजिन

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी टाइमपास म्हणून वाचतो. बावीस वर्षं अमरावतीत गाड्या दुरुस्त करतोय. इंजिनाला हवा, पेट्रोल, ठिणगी मिळाली तर ते चालतं, नाहीतर नाही... बस, एवढाच आपला विश्वास.

मागच्या हिवाळ्यात वानखडे सरांची जुनी गाडी आली. सिग्नलला बंद पडायची. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची मुख्य झडप मिटते. मग बाजूच्या बारीक वाटेने जेवढी हवा जाईल तिच्यावर इंजिन जिवंत राहतं. ती वाट सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह काजळीने जाम होता. काढला, स्प्रे मारला, पेपरवर वाळत ठेवला. भोकात धूळ जाऊ नये म्हणून रबरी बूच ठोकलं, बॉनेट लावलं आणि घरी जेवायला गेलो.

सरांचा फोन आला, "झाली का गाडी?"

बॉनेट खाली म्हणजे काम संपलं, ही माझी सवय. तोंडात घास. "झाली ना सर! चावी खिळ्यावर आहे, घेऊन जा."

परत येऊन पाहतो तर गाडी गेलेली, व्हॉल्व्ह पेपरवर! आधी सांगितल्याप्रमाणे सर मिसेस आणि दोन नातवांना घेऊन चिखलदऱ्याला निघाले होते. घाटात वळणावर क्लच दाबला की इंजिन बंद, अन् बंद इंजिनावर दोनदा दाबला की ब्रेक दगडासारखा कडक, गाडी थांबतच नाही. फोन लागेना. व्हॉल्व्ह आणि पाने खिशात घालून मोटरसायकल काढली, परतवाड्याच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी टपरीवर थांबलो. वर जायची हिंमत झाली नाही... काय दिसेल याची भीती, खोटं कशाला सांगू.

सहाच्या सुमारास गाडी उतरली. दोन्ही नातू खिडकीत.

"अरे, तुमी इकडं कसे?" सर हसले. "काय मस्त बनवली गाडी! एकदाही बंद नाई पडली."

चालू इंजिनावर बॉनेट उघडलं. बूच जागेवर, घट्ट. झडप मिटलेली. व्हॉल्व्हची वायर मोकळी लोंबकळतेय. आणि इंजिन शांतपणे चालू!

"सर, बंद करून परत चालू करा."

चालू झालं, लगेच मेलं. तीनदा तेच. गुपचूप व्हॉल्व्ह बसवला, तेव्हा कुठे टिकलं.

दोस्त म्हणतात, कुठूनतरी हवा घेत असेल. मग टपरीपाशी बंद करून चालू केल्यावर काहून नाही घेतली? मले आजही समजलं नाही.

दिवाळीला सर फराळ घेऊन आले. "तुमच्या हाताले गुण आहे," म्हणे.

सर, हे वाचत असाल तर... बूच काढून व्हॉल्व्ह बसवायला मी विसरलो होतो. माफ करा.